लिटरला पाच

मंगळवारी सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी इचलकरंजीच्या रंगसूत्र वस्त्रतंत्र महाविद्यालयाच्या प्रोसेसिंग लॅबमध्ये ब्लीचिंगचं एक भांडं उतू गेलं. गरम फेस टेबलावरून खाली आला. तिसऱ्या वर्षाचा विद्यार्थी तौफिक मोमीन याचा उजवा हात मनगटापर्यंत भाजला. भांड्यात हायड्रोजन पेरॉक्साइड ओतणारी त्याची जोडीदार कृत्तिका मुरदंडे हिला इजा झाली नाही. साल २०३९, महिना जानेवारी.

दुपारी चारच्या आत प्राचार्यांच्या सहीचा अहवाल तयार झाला. विद्यार्थिनीला ऐकू येत नाही, त्यामुळे ओतण्याच्या पद्धतीबद्दलची तोंडी सूचना तिच्यापर्यंत पोहोचली नाही, असं त्यात म्हटलं होतं. खाली शिफारस होती: तिच्या आणि इतरांच्या सुरक्षिततेसाठी यापुढची सर्व प्रात्यक्षिकं तिने आभासी प्रयोगशाळेत, म्हणजे संगणकाच्या पडद्यावर करावीत.

शिफारशीची भाषा मवाळ होती, परिणाम तसा नव्हता. आभासी प्रयोगशाळेतून झालेल्या पदवीवर तशी नोंद असते. इचलकरंजीतलं कुठलंही प्रोसेस हाउस ती नोंद पाहून माणसाला रंगाच्या भांड्याजवळ उभं करत नाही. फार तर ऑफिसात बसवतं. कृत्तिकाला रंगमास्तर व्हायचं होतं.

ती वीस वर्षांची आहे. नवव्या वर्षी मेंदूज्वरात तिचे दोन्ही कान गेले. भाषा तोवर पक्की झाली होती, त्यामुळे ती स्पष्ट बोलते, आणि या गावच्या बायका बोलतात तशी ‘मी येतो, मी जातो’ असंच बोलते. शाळेत ती ओठ वाचायची. कॉलेजात आल्यावर तिला चष्मा मिळाला.

चष्म्याचं नाव ‘स्पष्टाक्षर’. दिसायला साधा. दांड्यांमध्ये सहा बारीक मायक्रोफोन असतात. ते भोवतालच्या माणसांचे आवाज पकडतात आणि त्यांचे शब्द काचेच्या खालच्या कडेला देवनागरीत उमटतात. दीड सेकंदाचा उशीर होतो, तेवढाच. पाच वर्षांपूर्वी राज्यातल्या महाविद्यालयांनी तो कर्णबधिर विद्यार्थ्यांना मोफत द्यायला सुरुवात केली, आणि बहुतेक ठिकाणी खुणांच्या भाषेचे दुभाषे आणि टिपणं काढून देणारे मदतनीस बंद झाले. चष्मा असताना माणूस कशाला, हा हिशोब सगळ्यांना पटला होता. कृत्तिकालाही. ओठ वाचण्याची तिची सवय दोन वर्षांत मोडली.

अहवाल हातात पडला त्या संध्याकाळी तिची आई सुलभा म्हणाली, “घे की आभासी. पदवी ती पदवी. हात तरी भाजायचा न्हाई कुणाचा.”

“आई, पडद्यावरच्या रंगात कापड बुडवून बघता येतंय का?”

“मग काय करतेस?”

“तौफिककडे जातो आधी. त्याच्या हातावर माझ्यामुळं फेस आलाय.”

तौफिक घरी बाजेवर बसला होता. हाताला जाडजूड पट्टी होती. दोघं पहिल्या वर्षापासून एकाच भांड्यावर काम करत आले होते. तिचं मोजमाप आणि त्याची नजर, अशी वाटणी होती. तो तिच्याकडे न बघता बोलला, आणि चष्म्याने ते दाखवलं.

“मागच्या वेळी कापडाला भोकं पडली तेव्हा पण म्हणालो होतो, विचारून घे. सगळ्या वर्गानं पाच घातलं. तू एकटीनं दहा ओतलंस.”

“पाच?”

“सर म्हणाले की. पुस्तकात दहा, आपल्या पाण्याला पाच. सिलिकेट आधी. दरवेळी म्हणतात.”

कृत्तिकाने चष्मा काढून हातात घेतला. “मला दहा दिसलं, तौफिक. फळ्यावर दहा. चष्म्यात दहा.”

“आता काय, चष्म्यावर ढकलतेस व्हय?” तो चिडला. “हात माझा भाजलाय. चष्म्याचा न्हाई भाजला.”

ती उठली नाही. तिने त्याला पुन्हा सांगायला लावलं, या वेळी चष्मा न घालता, तोंडाकडे बघत. त्याचे ओठ ‘पाच’वर मिटले, उघडले. मग तिने चष्मा घातला आणि तेच वाक्य तिसऱ्यांदा म्हणायला सांगितलं. चष्म्यात ‘पाच’ आलं.

“बघ,” तौफिक म्हणाला. “बरोबर दाखवतोय.”

“घरात बरोबर दाखवतोय,” कृत्तिका म्हणाली. त्या संध्याकाळी तिला यापेक्षा जास्त काही ठाऊक नव्हतं.

पेरॉक्साइडची गोष्ट अशी आहे. कोरं कापड पिवळसर असतं. ते पांढरं करायला गरम पाण्यात पेरॉक्साइड घालतात. त्यातून हळूहळू सुटणारा ऑक्सिजन कापडाचा पिवळेपणा काढतो. पाण्यात लोह असेल तर हाच ऑक्सिजन एकदम सुटतो, फेस उसळतो, आणि जिथे लोहाचा कण बसला असेल तिथे कापडाला भोक पडतं. सोडियम सिलिकेट आधी घातलं तर ते पेरॉक्साइडला आवर घालतं. महाविद्यालयाच्या आवारातल्या बोअरच्या पाण्यात लोह आहे. ते काढणारं यंत्र चार वर्षं बंद होतं. तपासणीला येणारी विद्यापीठाची समिती फळा बघते, म्हणून फळ्यावर पुस्तकातला आकडा: लिटरला दहा मिली. आणि वर्गाचं कापड टिकावं, म्हणून प्राध्यापक दादासो मगदूम तोंडी सांगत: पाच.

म्हणजे पुस्तकात दहा, फळ्यावर दहा, चष्म्याच्या साठवलेल्या मजकुरात दहा. पाच हा आकडा फक्त हवेत होता, आणि हवेतलं तेवढंच कृत्तिकाला ऐकू येत नव्हतं.

तिने महाविद्यालयाच्या समान संधी कक्षाकडे अर्ज केला. कक्षाने तिला तीन सोयी देऊ केल्या: पहिला बाक, छापील टिपणं आणि आभासी प्रयोगशाळा. तिने तिन्ही नाकारल्या आणि सुनावणी मागितली. अर्जात तिची मागणी एका ओळीची होती: ‘वर्गात जे बोललं जातं ते सगळं मला मिळावं, चुकांसकट.’

वर्गातून कुणी साक्षीला आलं नाही. प्रात्यक्षिकाचे अंतर्गत गुण मगदूम सरांच्या हातात असतात. तौफिकने स्पष्टच सांगितलं, “तुझं खरं असंल. पण मी बोललो तर सरांची नोकरी जाईल न्हाईतर माझे गुण. मला जमायचं न्हाई.”

“नको बोलूस,” कृत्तिका म्हणाली. “फक्त ये. बस मागं.”

सुनावणीच्या दिवशी, पुढच्या आठवड्यातल्या बुधवारी, तिने सुरुवातीलाच एक हरकत घेतली. समितीच्या टेबलावर तिच्यासाठी चष्मा ठेवलेला होता. तिने तो दूर सारला.

“ज्या यंत्राबद्दल माझी तक्रार आहे, तेच यंत्र मला सुनावणी वाचून दाखवणार? मला टंकलेखक द्या.”

समितीच्या अध्यक्ष प्राचार्य डॉ. उज्ज्वला हेरवाडे होत्या. स्वतः वस्त्र अभियंता. अहवालावर सही त्यांचीच होती. त्यांनी घड्याळाकडे बघितलं, मग कार्यालयातून लीला कुंभोजकर यांना बोलावलं. कुंभोजकर बाईंनी पूर्वी कोर्टात काम केलं होतं. त्या टाइप करू लागल्या आणि भिंतीवरच्या पडद्यावर अक्षरं उमटू लागली.

चष्म्याच्या कंपनीकडून पुण्याहून ऋग्वेद चांदोरकर नावाचे अभियंता आले होते. बसता बसता ते शेजारच्या सदस्याच्या कानाशी काही पुटपुटले. पडद्यावर आलं: ‘चांदोरकर (हळू): मुलगी कोर्टात शोभेल. लवकर आटपेल ना, सहाची गाडी आहे.’

खोलीत हशा पिकला. कृत्तिकाही हसली, सगळ्यांबरोबर. चांदोरकरांचे कान लाल झाले.

“हे कशाला टाइप केलं?” एका सदस्याने विचारलं.

“गाळा म्हणून कुणी सांगितलं नाही,” कुंभोजकर बाई म्हणाल्या, आणि तेही टाइप केलं.

मगदूम सरांना विचारण्यात आलं, त्या दिवशी मात्रा किती सांगितली होती. सर पंचावन्न वर्षांचे, बुटके, बाहेर विनोदी. इथे त्यांनी टेबलाकडे बघत उत्तर दिलं. “फळ्यावर लिहिली होती तीच.”

कृत्तिकाने पडद्यावर ते वाचलं. मागे बसलेल्या तौफिककडे तिने वळून बघितलं नाही. सरांना उलट प्रश्नही केला नाही. चांदोरकरांनी मग चष्म्याचं प्रात्यक्षिक दाखवलं. मगदूम सरांनी निरनिराळे आकडे वाचले: सात, पाच, बारा, पुन्हा पाच. चष्म्याने प्रत्येक आकडा बरोबर दाखवला.

“झालं?” चांदोरकर म्हणाले.

“माझे दोन प्रश्न आहेत,” कृत्तिका म्हणाली. “लॅबमध्ये कुठला विषय चाललाय, हे चष्म्याला कळतं का?”

“कळतं. वेळापत्रक त्यात भरलेलं असतं.”

“आणि कळल्यावर तो काय करतो?”

चांदोरकरांनी जे सांगितलं ते सरळ सांगितलं, हे नोंदवायला हवं. पहिल्या पिढीचा चष्मा फक्त आवाजाचे शब्द करायचा. शांत खोलीत ते ठीक होतं. लॅबमध्ये मोटारी चालतात, पाणी उकळतं, बोलणाऱ्याच्या तोंडावर मास्क असतो. तिथे आठ शब्दांतला एक चुकायचा. मुलं तक्रार करत. म्हणून दुसरी पायरी जोडली गेली. त्या तासाचा धडा चष्म्याला आधीच दिलेला असतो. ऐकलेला शब्द अस्पष्ट असेल, तर त्या धड्यात त्या जागी कुठला शब्द येण्याची शक्यता सर्वांत जास्त, ते चष्मा ठरवतो आणि तो दाखवतो. शिवाय विषयाशी संबंध नसलेलं बोलणं तो गाळतो, डोळ्यांना शीण होऊ नये म्हणून. वाक्यं नीट करतो. त्यानंतर चुकांचं प्रमाण शंभरात दोनवर आलं. मूळ आवाज खासगीपणासाठी त्याच क्षणी पुसला जातो.

“म्हणजे अपेक्षेबाहेरचं जे असेल, तो गोंगाट,” कृत्तिका म्हणाली.

“इतकं सोपं नाही ते.” चांदोरकर म्हणाले. “पण अगदी खोटंही नाही.”

“मग इथं तपासून उपयोग नाही. इथं चष्म्याला धडाच नाही. उद्या तिसऱ्या तासाला आमचं ब्लीचिंग आहे. सुनावणी तिथं घ्या. सर नेहमीसारखं शिकवतील. तुम्ही कान बंद करून चष्मा घाला आणि ओता.”

“आम्ही?” हेरवाडे मॅडम म्हणाल्या.

“मी तीन वर्षं ओततो आहे, मॅडम. तुम्ही एकदा.”

गुरुवारी तिसऱ्या तासाला लॅब भरली. लूम शेडमध्ये वापरतात ते कानबंद मॅडमनी आणि चांदोरकरांनी चढवले. त्यांच्या आत यंत्रमागांच्या खडखडाटाचं रेकॉर्डिंग लावलेलं होतं, त्यामुळे बाहेरचं काहीच पोहोचत नव्हतं. दोघांच्या डोळ्यांवर चष्मे. वर्ग नेहमीच्या जागी, मास्क लावून. कुंभोजकर बाई दाराशी लॅपटॉप घेऊन. कृत्तिका चष्म्याशिवाय, मॅडमच्या उजव्या हाताला उभी. पाच लिटरच्या भांड्यातलं बोअरचं पाणी तापत होतं.

मगदूम सर फळ्याजवळ गेले. ‘लि. ला १० मिली’ लिहिलं. मग भांड्याकडे वळले आणि थांबले. मास्कमुळे त्यांचा चेहरा दिसत नव्हता.

नंतर त्यांना विचारलं तेव्हा ते म्हणाले, “बैठकीत दहा म्हणून आलो होतो. तिथं टेबल होतं. इथं समोर भांडं तापत होतं. भांड्यासमोर तोंडातून दहा येईना.”

कुंभोजकर बाईंच्या मजकुरात त्यांचं पुढचं बोलणं असं आहे: ‘पुस्तकात दहा. आपल्या बोअरला पाच. सिलिकेट आधी, मग पेरॉक्साइड, ते पण धार धरून. घाई केलीत तर कापडाची जाळी होईल, आणि आईला साडीऐवजी मच्छरदाणी द्यावी लागंल.’

वर्ग हसला. विनोद दरवर्षीचाच होता, पण आज सगळे जरा जास्तच हसले.

चष्म्यात आलं: ‘लिटरला दहा मिली पेरॉक्साइड घालावे. सिलिकेट घालावे. सावकाश ओतावे.’

मॅडमना समोर खांदे हलताना दिसले, आवाज नाही. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं. “काय झालं?” त्या मोठ्याने ओरडल्या, कान बंद असलेली माणसं बोलतात तशा. “का हसताय?” कुणीतरी उत्तर दिलं. चष्म्याला ते विषयाबाहेरचं वाटलं. काच कोरीच राहिली. त्यांनी एकदा स्वतःच्या कपड्यांकडेही नजर टाकली.

मग त्यांनी मोजपात्र घेतलं. पाच लिटरला दहाच्या हिशोबाने पन्नासच्या खुणेपर्यंत भरलं आणि भांड्यावर धरलं. सिलिकेटची बाटली बाजूला तशीच बंद होती. चष्म्याने ‘आधी’ हा शब्द वाक्य नीट करताना उडवला होता.

“मॅडम, थांबा!” मगदूम सर ओरडले. त्याच वेळी अर्धा वर्ग ओरडला. सगळेच एकदम बोलल्यामुळे चष्म्याने काहीच दाखवलं नाही. मॅडमचं मनगट कलायला लागलं.

कृत्तिकाने ते धरलं.

तिलाही कुणाचं ओरडणं ऐकू आलेलं नव्हतं. ती पहिल्यापासून मोजपात्राकडे बघत होती.

हेरवाडे मॅडमनी मोजपात्र खाली ठेवलं, कानबंद काढले, चष्मा काढला. दाराशी जाऊन कुंभोजकर बाईंचा पडदा वाचला. दोनदा वाचला. चांदोरकर त्यांच्या मागे उभे राहून वाचत होते.

“पाच म्हणालात?” मॅडमनी विचारलं.

“पाच,” मगदूम सर म्हणाले.

“किती वर्षं?”

“पाण्याचं यंत्र बंद पडल्यापासून. ते बंद आहे, हे तुम्हालाही माहीत होतं, मॅडम.”

मॅडमनी ते नाकारलं नाही. त्या कुंभोजकर बाईंना म्हणाल्या, “हे असंच राहू द्या. माझं नाव गाळू नका.” मग कृत्तिकाकडे वळून, तोंड नीट दिसेल असं, सावकाश म्हणाल्या, “मनगट जोरात धरलंस.”

“फेस जोरात येतो, मॅडम,” कृत्तिका म्हणाली.

मागच्या रांगेतून तौफिक पुढे आला. त्याने मास्क हनुवटीखाली ओढला, डाव्या हाताने सिलिकेटची बाटली उचलली, तिच्यापुढे धरली आणि तिने चष्मा घातलेला नाही हे लक्षात घेऊन, ओठ फाकवून एकच शब्द म्हटला: “आधी.” दोघांनी मिळून ते भांडं पुरं केलं. कापड पांढरं निघालं. भोक नव्हतं.

प्राचार्यांनी आपला पहिला अहवाल त्याच दिवशी मागे घेतला. अंतरिम आदेश निघाला: प्रोसेसिंग लॅबपुरती कृत्तिकाच्या चष्म्यातली दुसरी पायरी बंद करावी. मगदूम सरांना खुलासा विचारणारी नोटीस गेली; तिच्या खाली प्राचार्यांनी स्वतःचाही खुलासा जोडला. पाण्याच्या यंत्राची निविदा निघाली. फळ्यावर आता दोन आकडे असतात, पुस्तकातला आणि बोअरचा. विद्यापीठाच्या समितीने ते पाहिलं तर काय, असं विचारल्यावर मगदूम सर म्हणाले, “बघू देत की. आपल्या पाण्याचं त्यांना तरी दुसरं कोण सांगणार होतं?”

चांदोरकरांनी मोकळ्या मजकुराची, म्हणजे दुसऱ्या पायरीशिवाय जसंच्या तसं दाखवण्याची, सोय स्वतः बसवून दिली. जाण्यापूर्वी त्यांनी तिला बजावलं, “आठात एक शब्द चुकेल. वैतागशील.”

“चुकलेला शब्द मला चुकलेला दिसतो,” ती म्हणाली. “बदललेला दिसत नाही.”

चांदोरकर म्हणतात, हे वाक्य त्यांनी पुण्याला जाऊन वरिष्ठांना तसंच सांगितलं. त्यांच्या सहाच्या गाडीचं पुढे काय झालं, हे मात्र त्यांनी सांगितलं नाही.

मोकळ्या मजकुराचा पहिला तास सोमवारी झाला. काचेवर अक्षरं तुटक येत होती, मध्ये मध्ये रिकाम्या जागा, अर्धे शब्द, कुणाचा तरी खोकला. मगदूम सर म्हणाले, “मास्क वर घे रे चौगुले, नाकाला काय उन्हात वाळत घातलंस?” कृत्तिका हसली. दीड सेकंद उशिरा, पण हशा संपायच्या आत.

पाठोपाठ मागच्या बाकावरून आणखी एक ओळ आली. ‘आता हळू बोला रे. बहिरीला सगळं दिसतंय.’

तीन वर्षं असलं बोलणं चष्मा गाळत आला होता. ते आज पहिल्यांदा बोललं गेलं की रोजच बोललं जायचं, हे तिला कळायला मार्ग नव्हता. तौफिकला तिच्या काचेतलं दिसत नव्हतं, पण त्याने ऐकलं होतं, आणि तो उठायला लागला. तिने त्याला बाहीला धरून बसवलं. मग मागे वळून म्हणाली, “हळू बोललं की मायक्रोफोन ताणून ऐकतो. सगळ्यात आधी तेच येतं. त्यापेक्षा मोठ्यानं बोला, निदान गर्दीत लपंल.”

वर्ग हसला. बोलणारा मुलगा हसला नाही.

तासानंतर समान संधी कक्षाने तिला विचारलं, अपमानकारक शब्दांपुरती गाळणी पुन्हा लावायची का? तिने नको म्हणून कळवलं. कारण विचारल्यावर तिने लिहिलं: ‘आज शिव्या गाळाल. उद्या कुणीतरी ठरवेल की पाच हीसुद्धा शिवी आहे.’

अडचण तिथे संपलेली नाही. त्या आठवड्यात वर्गातल्या काही मुलामुलींनी प्राचार्यांकडे हरकत नोंदवली. त्यांचं म्हणणं सरळ आहे: आम्ही बाकावर कुजबुजतो ते शिक्षकालाही ऐकू येत नाही, ते एकीच्या काचेवर का उमटावं? हरकत घेणाऱ्यांत सोमवारी बोलणारा मुलगा आहे, पण ज्यांनी तिच्याशी कधी वाकडं बोललेलं नाही अशा दोन मुलीही आहेत. त्यातली एक म्हणाली, “कृत्तिका चांगली आहे. पण मला माझ्या मैत्रिणीशी बोलताना ती वाचतेय असं वाटत राहतं.”

कृत्तिकाला हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, “तिचं चूक नाही. तुम्हाला कुजबुज ऐकायला आली तर तुम्ही ऐकून न ऐकल्यासारखं करता. मला ते शिकायला वेळच मिळालेला नाही. शिकतो.”

तिने स्वतःच एक तोडगा सुचवला आहे: तास चालू असताना तिचा चष्मा मोकळा राहावा, तास संपताच मायक्रोफोन फक्त समोरच्या माणसापुरते व्हावेत, आणि ज्या विषयात हाताने काम आहे तिथे प्रात्यक्षिकाला कुंभोजकर बाईंसारखा एक माणूस असावा. कंपनीने पहिल्या दोन गोष्टी शक्य असल्याचं कळवलं आहे. तिसरीबद्दल महाविद्यालयाने लिहिलं आहे की असं पद आता अस्तित्वात नाही. कुंभोजकर बाई पुढच्या वर्षी निवृत्त होत आहेत.

दरम्यान राज्यातल्या आणखी तीन महाविद्यालयांतून अर्ज आले. कोल्हापूरच्या एका मुलाने लिहिलं की त्याला औषधनिर्माणशास्त्राच्या वर्गात तीन वर्षांत एकही विनोद वाचायला मिळाला नाही आणि त्याला वाटत होतं की सर गंभीर आहेत.

प्रकरण आता विद्यापीठाच्या अपील समितीपुढे आहे. कंपनीचं म्हणणं, दुसरी पायरी काढली तर शेकडो विद्यार्थ्यांच्या चष्म्यांतल्या चुका वाढतील; हरकत घेणाऱ्यांचं म्हणणं, संमती हवी; कृत्तिकाचं म्हणणं अजून एका ओळीचंच आहे. समितीची शुक्रवारची बैठक निर्णय न होता संपली. अंतरिम आदेशाची मुदत महिनाअखेरीस संपते; तो वाढला नाही तर चष्मा पुन्हा पहिल्यासारखा होईल, आणि तसा चष्मा असताना तिला भांड्याजवळ उभं करायचं की पडद्यासमोर, हे कुणी ठरवलेलं नाही. ब्लीचिंगची अंतिम प्रात्यक्षिक परीक्षा त्यानंतर दोन दिवसांनी आहे.

सुलभाताईंनी मुलीचा लॅबचा कोट धुऊन, इस्त्री करून ठेवला आहे. तौफिकची पट्टी निघाली. जोडीदार म्हणून त्याने तिचंच नाव दिलं आहे.

हॉल तिकीट काल आलं. त्यावर नाव आहे, आसन क्रमांक आहे, विषय आहे. खालच्या ओळीत छापलं आहे: ‘प्रयोगशाळा : प्रत्यक्ष / आभासी. लागू नसेल ते खोडावे.’ महाविद्यालयाने अजून काहीच खोडलेलं नाही.